क्लबात माणसं येतात पण टिकत नाहीत, गोव्यातल्या क्लबवाल्यांनो जरा मोकळेपणाने बोला

कुळागर

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या, रोटरी-लायन्ससारख्या एका सर्व्हिस क्लबचा मी येत्या १ जुलैपासून अध्यक्ष होतोय. क्लबचं नाव मुद्दाम घेत नाही, गोवा केवढासा, आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, मला उत्तर हवंय.

परिस्थिती अशी की एके काळी आम्ही चाळीसच्या वर होतो, आता पंचविसाच्या आत आलोय, आणि त्यातले मीटिंगला नेमाने येणारे डझनभर. बहुतेकांची साठी उलटलीय. दरवर्षी चारपाच नवीन लोक येतात, आम्ही क्लबची पिन लावतो, फोटो काढतो, पेपरात बातमी देतो, आणि पुढची चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत त्यातले निम्मे दिसेनासे होतात. विचारलं की एकच उत्तर, "वेळ मिळत नाही हो." वेळ मिळत नाही हे मला पटत नाही, कारण तीच माणसं मला देवळाच्या जत्रेत चार-चार दिवस राबताना दिसतात.

वरून, म्हणजे संघटनेकडून, दरवर्षी टार्गेट येतं. प्रत्येकाने एक नवीन मेंबर आणा, ग्रोथ दाखवा, अवॉर्ड घ्या. मला वाटतं आणणं हा प्रश्नच नाही, आणलेला माणूस सहाव्या महिन्यात का जातो हा प्रश्न आहे. जे सोडून गेले त्यांनी का सोडलं ते सांगा, जे टिकले त्यांनी कशामुळे टिकलो ते सांगा. कुठलाही क्लब असो, रोटरी, लायन्स, जेसीज, गावातलं मंडळ, सगळ्यांचं ऐकायचंय.

सुरंगी

मी सोडून गेलेल्यांपैकी. म्हापसा बाजूची. क्लबचं नाव मीही घेणार नाही.

मी अकाउंट्समध्ये काम करते, टॅली रोजची हातातली. जॉईन झाले तेव्हा क्लबचा हिशेब एका वहीत अर्धवट पडलेला होता, ट्रेझररसाहेब दर मीटिंगला "पुढच्या वेळी मांडतो" म्हणायचे, आणि मी समोर बसलेली असायचे. एकदाही कुणी म्हटलं नाही की बाई, तुम्हाला येतं ना, घ्या बघू. मला काम काय मिळालं तर पाहुण्यांना गुच्छ देणं आणि समई लावताना मेणबत्ती हातात धरणं. रोटरीने १९८९ साली बायकांना दार उघडलं, लायन्सने १९८७ साली, इतकी वर्षं झाली तरी बऱ्याच क्लबांत बाई म्हणजे स्वागत समिती हे समीकरण काही सुटलेलं नाही. राग येऊन लिहीत नाहीये, वाईट वाटतं म्हणून लिहितेय, कारण मला खरंच काहीतरी करायचं होतं.

दुसरं, वेळ. मीटिंग साडेआठची, सुरू व्हायची सव्वानऊला, मग वेलकम, मग गेल्या मीटिंगचा वृत्तांत, मग वाढदिवस, मग पाहुण्यांची ओळख, मग पाहुणे, मग आभार, जेवणाला साडेदहा. जुलैच्या पावसात स्कूटरने घरी जायचं.

आणि खरं कारण तिसरंच. मी ग्रुपवर निरोप टाकला की यापुढे जमणार नाही, त्यावर चारपाच हात जोडलेले आले, बस्स. एकाचाही फोन नाही. फोन आला असता ना, तर मी राहिले असते, आज मागे वळून बघताना अगदी खात्रीने सांगते.

कुळागर

सुरंगीताई, हे इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल देव बरें करूं. तुमचा शेवटचा परिच्छेद मी आमच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर.

सुरंगी

जरूर वाचा.

हॅलो_मडगाव

वर्गणी किती आहे ते आधी सांगा. आमच्याकडे तरुण पोरं आकडा ऐकूनच पळतात.

दोतोर_डिचोली

वर्गणीवर येतो, पण आधी आमच्या भागातला अनुभव सांगतो.

आमच्या खाण पट्ट्यात साखळी, डिचोली, कुडचडे, सावर्डे इथले क्लब एके काळी भरलेले असायचे. मेंबर कोण? ट्रकवाले, बार्जवाले, टायरवाले, स्पेअर पार्ट्सवाले, गॅरेजवाले, खाण कंपनीतले इंजिनियर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग पुन्हा थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये परत सगळं ठप्प. ट्रक दारात उभा आणि हप्ता बँकेत उभा, अशा माणसाला तुम्ही वर्गणी मागणार? तो लाजेपोटीच यायचा बंद झाला. पैशासाठी कुणी "मी सोडतो" म्हणत नाही, तो फक्त फोन उचलायचा बंद होतो, आणि आपण समजतो की त्याला इंटरेस्ट राहिला नाही.

यातून मला एक गोष्ट कळली. रोटरीत पूर्वी एका व्यवसायाचा एकच मेंबर असा कडक नियम होता, आम्ही तेव्हा त्याला कालबाह्य म्हणायचो. आता नियम सैल झालाय, पण मागची बुद्धी चांगली होती. सगळा क्लब एकाच धंद्यावर उभा असला की धंदा बसल्याबरोबर क्लब बसतो. नंतर आम्ही उरलेल्या मूठभर लोकांनी ठरवलं की आता शाळामास्तर, नर्सबाई, पंचायतीतला क्लार्क, बागायतदार, फार्मसीवाला अशी माणसं बघायची. ही माणसं श्रीमंत नव्हेत पण गावात सगळ्यांना ठाऊक असतात, आणि शिबिराला शंभर लोक बोलवायचे असतील तर त्यांच्या एका शब्दावर येतात.

आता वर्गणी. कुठल्याही क्लबात वर्गणीचे भाग पाडून बघा. वर आंतरराष्ट्रीय संघटनेला जातं ते डॉलरात, म्हणजे रुपया घसरला की आपसूक वाढतं, त्यावर आपलं काही चालत नाही. मग डिस्ट्रिक्टचा, म्हणजे आपल्या भागातल्या क्लबांच्या गटाचा वाटा. मग क्लबचा स्वतःचा खर्च. आणि या सगळ्याहून मोठा भाग हॉटेलातल्या हॉलचा आणि जेवणाचा. आम्ही जेवण वर्गणीतून काढून टाकलं. मीटिंग वाचनालयात, चहा आणि भजी, ज्याला जेवायचंय त्याने महिन्यातून एकदा स्वतःच्या खर्चाने जेवायला यावं. वर्गणी निम्म्याच्याही खाली आली.

जुनी_पिन

दोतोर, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. जेवण काढून टाका हे ऐकायला सोपं आहे, पण मी या चळवळीत आलो तो माणसांसाठी. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस आणि त्याचे तीन सोबती पहिल्यांदा जमले तेव्हा त्यांच्या डोक्यात कसलं शिबिर की प्रोजेक्ट नव्हतं. लहान गावात वाढलेला वकील, एवढ्या मोठ्या शहरात एकटा पडलेला, त्याला गावातल्यासारखी चार भरवशाची माणसं हवी होती. सेवा नंतर आली. मैत्री आधी.

आमच्या क्लबात एकाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची मुलगी परदेशात, बायको एकटी. आळीपाळीने आम्ही फिजिओथेरपीला घेऊन जायचो. हे जेवणाच्या टेबलावर जमलेलं नातं. तुम्ही सगळं कामाचं करून टाकलंत तर एखादी ऑफिसची मीटिंग आणि क्लब यात फरक काय राहिला? तरुणांना सुद्धा एकटेपणा आहे हो, आमच्यापेक्षा जास्त आहे. बाकी मीटिंग लवकर सुरू करा, भाषणं कापा, समईचा कार्यक्रम कापा, ताई म्हणतात ते शंभर टक्के मान्य.

दोतोर_डिचोली

मान्य आहे भाऊ. मैत्री नको असं माझं म्हणणं नाहीच, फक्त जेवणाच्या ताटाचे पैसे न देऊ शकणाऱ्याला मैत्रीतून बाहेर ठेवू नये एवढंच.

पर्वरीची_पाहुणी

मी बाहेरची म्हणून बोलू का? लॉकडाऊननंतर पुण्याहून पर्वरीला राहायला आले. इतकी वर्षं झाली, आजवर मला एकाही क्लबने या म्हणून विचारलेलं नाही. मी मात्र एका व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये आहे, रविवारी सकाळी किनारा साफ करायला जातो, ना फॉर्म ना वर्गणी ना पिन, ज्याला जमेल तो येतो. मग मी क्लबात का यावं? भांडायला विचारत नाहीये, मला खरंच कळत नाही की क्लबात असं काय मिळतं जे मला इथे मिळत नाही.

जुनी_पिन

प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. पोलिओ.

रोटरीने पोलिओचं काम १९८५ साली हाती घेतलं. आपल्या देशात पल्स पोलिओ १९९५ पासून. मी कित्येक वर्षं रविवारी बसस्टँडवर बूथ लावून बसलोय. लसीचा तो छोटा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, कुपीवर एका गोलात छोटा चौकोन असायचा, तो गोलाच्या रंगाइतका काळपट झाला की ती कुपी फेकायची, उन्हात सारखं तेच बघत बसायचो. पोराच्या तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाईची खूण. आई घाईत, बस सुटतेय, पोर रडतंय. दुपारनंतर कुणी येत नाही म्हणून बसमध्ये चढून विचारायचं, पाच वर्षांखालचं कोण आहे? भारतातली शेवटची जंगली पोलिओची केस हावड्याची, १३ जानेवारी २०११. देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ ला मिळालं. पहिल्या पल्स पोलिओपासून मोजलं तरी एकोणीस वर्षं होतात. मधे किती अध्यक्ष बदलले, किती मेंबर वारले, काम थांबलं नाही. व्हॉट्सॅप ग्रुपमधला ॲडमिन दुबईला गेला की ग्रुप थंडावतो. क्लबाला वही असते, बँकेत खातं असतं, ऑडिट असतं, मागच्याने सोडलेलं पुढचा उचलतो.

पर्वरीची_पाहुणी

हे मला आजपर्यंत कुणी असं सांगितलंच नव्हतं, अंगावर काटा आला वाचून. पण एक सांगते काका, क्लबवाले भेटले की ते मला हे सांगत नाहीत. ते सांगतात आमचे मेंबर कोण कोण आहेत, गेल्या वर्षी कुठलं अवॉर्ड मिळालं, डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर कधी येणार. मला सांगा रविवारी सकाळी मी कुठे येऊ आणि काय करू. ते आधी, बाकीचं मग.

रोमटामेळ

मी कुठल्याच क्लबात नाही, गावच्या शिगमो मंडळात आहे, तेव्हा राहवलं नाही.

गोव्यातल्या तरुणाला वेळ नाही असं म्हणणाऱ्याने शिगम्याच्या आधी कुठल्याही गावात रात्री दहा वाजता जावं. दिवसभर वेर्ण्याला फॅक्टरीत उभा राहिलेला पोर रात्री ढोल-ताशा घेऊन मांडावर हजर. चित्ररथाचं वेल्डिंग रात्री दोन वाजेपर्यंत चालतं. कुणी पगार देत नाही, उलट खिशातले जातात.

तो का येतो? कारण तो आला नाही तर अडतं. ढोलवाला एक कमी झाला तर दिंडीत, मेळात भोकच दिसतं. आणि चढत्या पायऱ्या आहेत. लहानपणी झांज हातात देतात, मग ताशा, मग ढोल, मग एके दिवशी तोच पोर बाकीच्यांना चाल शिकवतो. आमच्या नाटकाचंही तसंच, आधी पडदा ओढायला, मग प्रॉम्प्टिंगला, मग दोन वाक्यांचा शिपाई, मग कुठे मोठी भूमिका. कुणालाही पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून भाषण ऐकवत नाहीत.

तुमच्या क्लबात नवीन माणूस आला नाही तर काही अडतं का? नसेल अडत तर तो यायचा बंद होणारच, त्याच्या जागी मी असतो तरी झालो असतो.

आणि कृपा करून चवथ, नवरात्र, शिगमो आणि गावची जत्रा बघून कॅलेंडर करा. ऐन चवथीच्या आधीच्या आठवड्यात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं सोडून तुमच्या मीटिंगला कोण येणार?

सुरंगी

"तो आला नाही तर अडतं." हेच मला म्हणायचं होतं, मला इतकं नीट सांगता आलं नाही.

तारवटी

जहाजावरून लिहितोय, नेट जेमतेम आहे. मी इंजिन रूममध्ये आहे. सहा-सात महिने बोटीवर, मग तीन-चार महिने घरी कुडचड्याजवळ. गोव्यात माझ्यासारखे हजारो आहेत, सासष्टीत तर घराघरात. घरी असतो तेव्हा पूर्ण मोकळा, मुलं शाळेत, बायको कामाला, मी रिकामा बसून वेडा होतो. एका क्लबात चौकशी केली तर म्हणाले तुमचं अटेंडन्स भरणार नाही. विषय संपला.

खाजें

तारवटीदादा, तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलंय, किंवा जुनं सांगितलं गेलंय. रोटरीत २०१६ पासून नियम बरेच सैल झालेत, दर आठवड्याला मीटिंग बंधनकारक नाही, महिन्यातून किमान दोनदा क्लब भेटला पाहिजे, ते प्रत्यक्ष असो की ऑनलाईन असो की एखाद्या कामाच्या जागी असो. अटेंडन्स किती कडक ठेवायचं ते क्लब आपल्या बायलॉजमध्ये, म्हणजे स्वतःच्या नियमावलीत, ठरवू शकतो. बऱ्याच क्लबांनी बायलॉज उघडूनच बघितलेले नाहीत.

मी रोटरॅक्टमधून, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातून आलेली, म्हणून थोडं आमच्या बाजूचंही. रोटरॅक्ट १९६८ पासून आहे, पूर्वी तीस वर्षं झाली की बाहेर पडायचं, २०२० पासून वरची वयोमर्यादा काढून टाकली. तरी आमच्यातले फार थोडे पुढे मोठ्या क्लबात जातात. का? एक, वर्गणी एकदम कितीतरी पटीने वाढते. दोन, मोठ्या क्लबाच्या कार्यक्रमात आम्ही म्हणजे खुर्च्या मांडायला आणि रजिस्ट्रेशन टेबलावर बसायला. आम्ही स्वतः शिबिरं आखली, स्पॉन्सर आणले, पोलीस परवानगी, पंचायतीची एनओसी, साउंडची परवानगी सगळं केलं, आणि मोठ्या क्लबात गेल्यावर "बाळ, तू फोटो काढ."

एक उपाय मात्र नियमातच आहे, तो म्हणजे सॅटेलाईट क्लब. किमान आठ माणसं लागतात. ती मूळ क्लबाचीच मेंबर असतात पण मीटिंगची वेळ, जागा, कार्यक्रम स्वतःचा. वीस माणसं होऊन नवा क्लब काढायची वाट बघत बसायला नको. कुंडई, मडकई, वेर्णा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना रात्री नऊचं हॉटेल कधीच जमणार नाही, पण दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर कँटीनच्या बाहेर पाऊण तास नक्की जमेल. लायन्समध्येही ब्रँच क्लब आहे, त्याला तर पाचच माणसं लागतात.

हॅलो_मडगाव

ही माहिती आमच्या सेक्रेटरीला पाठवतो. ठाऊकच नव्हतं.

दोतोर_डिचोली

अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही ती मी बोलतो. जून आणि डिसेंबर.

वरची वर्गणी १ जुलै आणि १ जानेवारीला यादीवर जेवढी नावं तेवढ्यांची भरावी लागते. म्हणून काय होतं, जूनमध्ये क्लबचं वर्ष संपताना अध्यक्षाला ग्रोथ दाखवायची असते, मग मेहुणा, भाचा, दुकानातला मॅनेजर, भराभर नावं घालायची, त्यांची वर्गणी अध्यक्षानेच खिशातून भरायची. आणि पुढच्या अध्यक्षाच्या गळ्यात ती यादी पडली की तो डिसेंबरात कापाकापी करतो. या कागदी मेंबरांना कुणी विचारलेलंच नसतं की बाबा तुला काय करायला आवडेल. तो एकदा पिन लावून घेतो, जेवतो, जातो. आणि आपण मग वरच्या सभेत चर्चा करतो की मेंबर का टिकत नाहीत. खोटं आत घातलं तर खोटंच बाहेर पडणार ना!

कुळागरबाब, तुम्ही अध्यक्ष होताय तर पहिलं हे करा, यादी खरी करा. आकडा खाली येईल, येऊ दे.

जुनी_पिन

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि दर वर्षी नवीन अध्यक्षाने मागच्याचं काम टाकून स्वतःचं नवीन सुरू करणं बंद झालं पाहिजे. मागच्या वर्षी ज्या नव्या मेंबरने शाळेच्या टॉयलेटचं काम मनापासून धरलं होतं, त्याला या वर्षी सांगायचं की आता आपण झाडं लावतोय. तो कशाला थांबेल?

कुळागर

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो, कारण रोमटामेळच्या प्रश्नावर मी बराच विचार केला, नवीन माणूस आला नाही तर अडेल असं आमच्याकडे काय आहे?

आहे एक. आमच्या क्लबाकडे आजाऱ्यांसाठी उसनं साहित्य द्यायची खोली आहे. फाउलर बेड (हँडलने पाठ वर करता येणारी खाट), व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. डिपॉझिट घ्यायचं, वस्तू परत आली की डिपॉझिट परत, भाडं नाही. हॉस्पिटलातून पेशंटला घरी सोडतात तेव्हा घरच्यांना संध्याकाळपर्यंत खाट हवी असते, आणि नवीन घ्यायची ऐपत नसते. दिवसाला एकदोन फोन येतातच.

आणि हे सगळं सांभाळतं कोण, तर एकटे सत्तरीचे आमचे एक मेंबर. खाट परत येते तेव्हा पाठ वर करायचं हँडल हरवलेलं, चाकं गंजलेली, मॅट्रेसच्या पंपाची नळी चिरलेली. कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर आठवड्याला धुवायला हवा, घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं, मशीन धूळ ओढत राहतं आणि बिघडतं. या खोलीत आमच्या क्लबातले निम्मे मेंबर कधी आलेलेच नाहीत. नवीन मेंबरला आम्ही ती दाखवतही नाही, त्याला आम्ही थेट हॉटेलातला हॉल दाखवतो.

आता जुलैपासून उलटं करून बघणार. काय होतं ते इथेच येऊन लिहितो.

कुळागर

मंडळी, नोव्हेंबर आला, तुळशीचं लग्न झालं, आता थोडा निवांत आहे म्हणून सांगितल्याप्रमाणे लिहितोय.

यादी खरी केली. आकडा विशीच्या खाली गेला. डिस्ट्रिक्टच्या सभेत आमचं नाव घसरलेल्या क्लबांत वाचलं गेलं, त्या वेळी वाईट वाटलं, पण आता जे आहेत ते सगळे ओळखीचे चेहरे आहेत.

मीटिंग महिन्यातून दोनदा केली. एक रविवारी सकाळी दहा वाजता साहित्याच्या खोलीतच, खुर्च्या नाहीत, आधी तासभर काम, मग चहा आणि बोलणं. दुसरी संध्याकाळी सातला, नऊच्या आत संपते, आणि जुनी_पिन यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी जेवण ठेवलं, पण कुणाच्या ना कुणाच्या घरी, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. हॉटेल बंद. यावर आमच्या दोन ज्येष्ठांची नाराजी झाली, एक अजून येत नाहीत, त्यांच्याकडे मी जाऊन बसून आलो, परत जाईन.

नवीन माणसाला फॉर्म लगेच देत नाही. आधी दोनतीन रविवार ये, पेशंटच्या घरी खाट पोचवायला चल, मग ठरव. आणि प्रत्येकाबरोबर एक जुना मेंबर जोडून दिलाय, त्याने ओळख झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याच्या घरी जायचंच. कुणी सलग दोनदा दिसला नाही तर ग्रुपवर मेसेज नाही, फोन. सुरंगीताईंचा परिच्छेद वाचला तेव्हा बोर्डात बराच वेळ कुणी बोललं नव्हतं, हा नियम तिथेच ठरला.

सगळ्यात जास्त जे शिकायला मिळालं ते आमच्या डोक्यातच नव्हतं. एका नर्सबाईंना बोलावून घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी एक सकाळ ठेवली. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली की काय करायचं, चादरीला सुरकुती का राहू द्यायची नाही, कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर कसा धुवायचा. आमच्याकडून वस्तू नेलेल्या घरातली माणसं आली. कुणाची आई, कुणाचा नवरा. आणि त्यातलेच काही परत आले, आता स्वतःहून. एक मुलगा कुंडईला फार्मा कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्याच्या आजीसाठी खाट नेली होती, आजी गेली, खाट परत करायला आला आणि कोपऱ्यात पडलेले मोडके पंप बघून म्हणाला, हे मी घरी नेऊ का? पुढच्या रविवारी त्यातले बरेचसे चालू करून आणले. त्याला मेंबर व्हा म्हणून आम्ही विचारलं नाही, त्यानेच विचारलं की वर्गणी किती.

इतकी वर्षं आम्ही मेंबर शोधायला बँकेचे मॅनेजर आणि बिल्डर यांच्याकडे जात होतो, आणि ज्यांनी आमचं काम स्वतःच्या घरात बघितलंय त्यांचे फोन नंबर आमच्याच डिपॉझिटच्या वहीत पडून होते.

पर्वरीची_पाहुणी

मला हे हवं होतं. पर्वरी-म्हापशाकडे असं कुठे चालतं का? नसेल तर तुमची वही कशी ठेवता, डिपॉझिट किती घेता, वस्तू परत न आल्यास काय करता, एवढं सांगाल का? आमच्या किनाऱ्याच्या ग्रुपमधले तिघे-चौघे तयार होतील.

तारवटी

डिसेंबरात बोटीवरून साइन ऑफ होतोय, घरी येतोय. कुडचड्याहून फोंडा फार लांब नाही. मोटर, पंप, कॉम्प्रेसर सगळं उघडून बसवतो. चालेल का?

कुळागर

तारवटीबाब, चालेल म्हणून काय विचारता! सरळ रविवारी दहाला या, हत्यारं आहेत. कॉन्सन्ट्रेटर उघडायला हात धजावणारा माणूस आमच्याकडे एकच आहे, दुसरा हवाच होता. बोटीवर परत जाल तेव्हा जा, पुढच्या सुट्टीला परत या, अटेंडन्सचं मी बघतो.

पर्वरीच्या ताई, वहीचे फोटो पाठवतो, पेशंटची नावं झाकून. डिपॉझिट वस्तूच्या किमतीप्रमाणे घेतो पण ज्याला शक्य नाही त्याच्याकडून ओळखीच्या माणसाची सही घेतो. परत न आलेली वस्तू म्हणजे बहुतेक वेळा पेशंट वारलेला असतो आणि घरच्यांना फोन करायला आपल्याला संकोच वाटतो. त्यासाठी तेराव्यानंतरच कुणीतरी भेटायला जायचं, आधी चौकशी करायची, वस्तूचा विषय त्यांनीच काढला तर काढायचा.

खाजें

सॅटेलाईटचं काय झालं कुळागरबाब? कुंडईचा तो मुलगा एकटाच की अजून आहेत?

कुळागर

सहा झालेत. शिफ्ट सुटल्यावर बुधवारी इस्टेटीच्या गेटाजवळच्या चहाच्या गाड्यापाशी भेटतात, मी दोनदा जाऊन आलो, आता त्यांना माझी गरज नाही. आठ व्हायला अजून दोघं हवीत. कुंडई किंवा मडकईला कामाला असलेलं, बाई असो की बाप्या, ओळखीत कुणी असेल तर मला मेसेज करा, आधी एक रविवार खोलीवर घेऊन जाऊ.